फुकट्यांचा बंदोबस्त : आयोजकांस काही सूचना

धानाची कापणी आटोपून हिवाळ्यात कबड्डीचे सामने भरविण्याचा आणि त्यास तिकीट लावण्याचा संकल्प ज्या मंडळाने सोडला असेल, त्याने प्रथम आपल्या मुलखाची परंपरा ध्यानी घ्यावी. आमचे लामता हे गोंदिया-जबलपूर मार्गावरचे स्टेशन. त्या मार्गावर एके काळी अडीच फुटी रुळांची छोटी लाइन होती, आणि ज्यांनी उमेदीची वर्षे त्या गाडीच्या पायरीवर उभे राहून तिकीट-तपासनिसाशी लपंडाव खेळण्यात घालविली, त्यांच्या वारसांना दोन बांबू व एक दोर यांच्या साहाय्याने मज्जाव करू पाहणे हे धाडसच होय. रूळ रुंद झाले. विद्या मात्र तीच आहे.

तेव्हा आरंभ कनातीपासून करावा. कनात भाड्याने आणतानाच तिला छिद्रे असतात, व ती सर्व दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात, हा योगायोग नव्हे. छिद्रापाशी कोटवारास उभे करावे; परंतु चढाई रंगात आली की कोटवार स्वतःच छिद्रास डोळा लावतो, असा अनुभव असल्याने कबड्डीविषयी सर्वस्वी उदासीन असा मनुष्य नेमणे इष्ट. असा मनुष्य बालाघाट जिल्ह्यात आढळल्यास कळवावे.

मैदानालगतच्या मोहाच्या झाडाचा प्रश्न याहून बिकट. त्याच्या फांद्यांवर बसलेला समुदाय बहुधा कनातीच्या आतील समुदायापेक्षा मोठा असतो, आणि खेळाची जाणही त्यालाच अधिक. कायद्याचा धाक घालू म्हणावे, तर मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या १९३६ च्या करमणूक शुल्क कायद्याने सरकारचा हक्क लावला तो प्रवेशाच्या मोबदल्यावर. फांदीवरच्या इसमाने मोबदला दिलेला नाही आणि, बारकाईने पाहता, प्रवेशही केलेला नाही. खाली उतरण्याची विनंती करावी. ती करताना डोक्यावर छत्री धरावी.

येथवरचे उपाय केवळ गरिबांवर चालतात, हे सुज्ञ आयोजकाच्या लक्षात आलेच असेल. खरा फुकट्या कनात फाडीत नाही. तो मुख्य दरवाजातून, सामना अर्धा झाल्यावर, भाचा व भाच्याचे तीन मित्र यांच्यासह येतो, दरवान त्यास सलाम करतो, आणि पहिल्या रांगेत सोफा कोणी मांडला नाही म्हणून तो खंतावतो. त्याच्यापाशी पास असतो. पास नसल्यास शिफारस असते, आणि शिफारसही नसल्यास ‘मला ओळखले नाही काय?’ हा प्रश्न असतो, ज्याचे खरे उत्तर देण्याची हिंमत आजवर एकाही स्वयंसेवकाला झालेली नाही. पटवारीसाहेबांचे कुटुंब, जंगलखात्याचे पाहुणे, मंडप देणाऱ्याचे व्याही, अशी हजेरी लागली की तिकीटवाल्यास बसण्यास जमीन तेवढी उरते.

हे दुखणे एकट्या लामत्याचे नव्हे. मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमवरील जागांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांचे असे बिनसले की आमच्या नागपूरकडच्या शेषराव वानखेड्यांनी ब्रेबोर्नपासून पायी जाण्याच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभारविले, व जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. कलकत्त्यास तर १ जानेवारी १९६७ रोजी जागांहून अधिक तिकिटे विकली गेल्याने प्रेक्षकांनी मंडप पेटविला आणि दिवसाचा खेळ बुडाला. तेथे दंगा करणारांत पैसे मोजलेले लोक होते, ही बाब आयोजकांनी विशेष चिंतनीय मानावी. फांदीवरच्या माणसाने अद्याप काहीही पेटविलेले नाही.

यास्तव माझी शिफारस अशी की पास मुळीच छापू नयेत, सोफा घरीच ठेवावा, आणि पहिले तिकीट अध्यक्षांनी सर्वांदेखत स्वतःच्या खिशातून पैसे काढून घ्यावे. एवढे झाल्यास कनात नसली तरी चालेल. अध्यक्ष राजी होईपर्यंत तिकीट काढून येणाऱ्या सज्जनांनी कृपया सुटे पैसे आणावेत. परत देण्याजोगी रक्कम गल्ल्यात नसते.