आड कोरडा, पोहरा स्मार्ट

राणीची बाग बुधवारी बंद असते, हे भायखळ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर बाग त्या दिवशी उघडी राहते आणि आपली हक्काची सुट्टी गुरुवारी वसूल करते. आता हे गणित तुमच्या मोबाइलमधल्या एआय सहायकाला घालून बघा. तो म्हणेल, ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान बुधवारी बंद असते.’ तुम्ही म्हणाल, ‘अरे, पण आज महाशिवरात्र आहे.’ तो म्हणेल, ‘आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात! महाशिवरात्रीनिमित्त उद्यान बंद राहील.’ तुम्ही म्हणाल, ‘उलट, उघडं असतं ना रे?’ तो म्हणेल, ‘क्षमस्व. उद्यान उघडं आहे. पेंग्विन पाहायला विसरू नका!’ तिन्ही उत्तरं सारख्याच आत्मविश्वासानं. सरकारी खात्यात असता तर एव्हाना उपसचिव झाला असता.

दोष बिचाऱ्याचा नाही. कधीतरी कुणीतरी लिहून ठेवलेलं त्यानं वाचलंय; आजचं फाटक त्यानं पाहिलेलं नाही. आणि पाहिलेलं नसलं तरी गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही. पेरूमध्ये अस्तित्वातच नसलेल्या दरीच्या शोधात निघालेले पर्यटक आणि मलेशियात एआयनं रचलेल्या व्हिडिओतली केबल कार शोधत पोचलेलं वृद्ध जोडपं, या दोन्ही बातम्या २०२५ सालच्या. आपल्याकडे पत्ता विचारला की माहीत नसलेला माणूसही हात लांब करून ‘सरळ जावा’ म्हणतो, तीच ही परंपरा.

यावर उपाय निघाला तो असा: सहायकाला आठवणीतून बोलू देऊ नका, थेट माहितीच्या साठ्याशी जोडा. अँथ्रोपिक या कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली पद्धत जाहीर केली. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. ज्याच्याकडे माहिती आहे त्यानं ठरलेल्या साच्यातली एक खिडकी उघडायची, ‘इथे अमुक अमुक विचारता येईल’ अशी यादी लावायची, आणि सहायकानं तिथे जाऊन विचारून यायचं. खिडकीवरचा माणूस चहाला गेलेला नसतो, ही यातली खरी क्रांती.

हौशी प्रोग्रामरांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी अशी खिडकी केव्हाच बांधली. बांधता आली, कारण साठा आधीच तयार होता. तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे चारशेहून अधिक ठिकाणं आहेत. त्यांची माहिती कुणालाही फुकट मिळते. ईमेल देऊन एक चावी घ्यायची आणि तासाला हजार वेळा विचारायचं. वेळा, प्रवेशशुल्क, तंबूच्या जागा, वेबकॅम, आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे सूचना. त्यांचे प्रकारही ठरलेले: धोका, खबरदारी, बंद, नाहीतर नुसतीच माहिती. शिवाय ‘थिंग्ज टू डू’, म्हणजे इथे येऊन काय काय करता येईल, असा एक वेगळा कप्पा आहे.

हा कप्पा आपण भरायला घेतला, तर मात्र पंचाईत आहे. आपल्या सार्वजनिक बागेत काय करावं, हे आजवर कुणीच लिहून ठेवलेलं नाही. काय करू नये, याचं वाङ्मय मात्र अफाट. फुले तोडू नयेत. हिरवळीवर बसू नये. बारा वर्षांवरील मुलांनी झोपाळ्यावर बसू नये. क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटन खेळू नये. डबा खाऊ नये. वाढदिवस साजरे करू नयेत. प्राणी आणू नयेत. फोटो काढायचे असल्यास परवानगी घ्यावी, ती कुठे मिळते ते विचारू नये. खाली ‘आदेशावरून’. एवढा समृद्ध साठा जगात दुसऱ्या कुठल्या देशाकडे असेल असं वाटत नाही. तो सहायकाला जोडला, तर ‘रविवारी मुलांना घेऊन कुठे जाऊ?’ या प्रश्नावर तो अभ्यासपूर्वक सांगेल, ‘घरीच थांबा.’

आपला दुसरा भक्कम साठा म्हणजे कोनशिला. बागेत पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे, याची नोंद नसेल; पण त्या नळाचं लोकार्पण कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत, कुणाच्या विशेष प्रयत्नांतून आणि कुणाच्या विकास निधीतून झालं, हे ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं असतं. स्वच्छतागृहाला कुलूप आहे की नाही ते दगडावर कोरता येत नाही, एवढीच अडचण. पुणे महापालिकेनं शहरातल्या लाखो झाडांची जीपीएसवर मोजदाद करून घेतली, ते कौतुकाचंच काम होतं. त्यामुळे झाड पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठे उभं आहे, ते कळू शकतं. त्याच्या सावलीत बसायला फाटक किती वाजता उघडेल, ते फाटकावर जाऊन बघायचं.

मग आपल्याकडे माहिती नाहीच का? आहे की! ताडोबाची आहे. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, कुठल्या फाटकातून कुठल्या वेळी किती जिप्सी, सगळं ऑनलाइन आणि चोख. कासच्या पठारावर फुलं यायला लागली की दिवसाचा कोटा, बुकिंग आणि शुल्क, सगळं वेळेवर. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. जिथे गल्ला आहे तिथे डेटा आहे. जी बाग फुकट आहे, जिथे शेजारच्या वस्तीतली मुलं आणि पेन्शनर येतात, तिची नोंद ठेवून महापालिकेला मिळणार काय? म्हातारे तर चुकीच्या वेळी येऊन फाटकाबाहेर उभे राहतात आणि नंतर निघून जातात. ते रिफंडही मागत नाहीत.

गल्ल्याशी जोडलेल्या सहायकाचं पुढे काय होतं, त्याचीही चुणूक अमेरिकेत दिसते. योसेमिटीच्या हाफ डोम सुळक्यावर केबल धरून चढायला दिवसाला साधारण ३०० जणांनाच परवाना मिळतो, तोही सोडतीनं. खाली तंबूच्या जागा दर महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता खुल्या होतात आणि चहा उकळायच्या आत संपतात. कॅलिफोर्नियातली आपली मराठी कुटुंबं या कामात मुळीच मागे नाहीत. रेल्वेच्या तत्कालवर बोटं घासलेली पिढी आहे ती. पण माणसांच्या आधी यंत्रंच जागा पटकावतात, अशी ओरड तिथे एआय येण्याच्या आधीपासूनची आहे. आता प्रत्येकाच्या खिशात एकेक आज्ञाधारक सहायक आला आणि सगळ्यांनी त्याला एकच हुकूम सोडला, की सात वाजून शून्य सेकंदाला लाखभर सहायक एका तंबूसाठी झुंजतील. माणसं निवांत झोपतील. निसर्गाच्या सान्निध्यात जाण्याचा हा सर्वांत आरामशीर मार्ग.

असो. आपल्याकडे हे जोडणीचं काम निघालंच, तर कसं होईल ते मला आत्ताच दिसतंय. निविदा निघेल. सल्लागार नेमला जाईल. त्याचा टॅबलेटवाला तरुण बागोबाग फिरेल आणि फाटकावरच्या माणसाला गाठेल.

‘काका, उद्यानाच्या वेळा काय?’

‘बोर्डावर सहा ते दहा, आणि चार ते आठ.’

‘आणि खऱ्या?’

‘किल्ली माझ्याकडं असती. मी आलो की उघडतंय.’

‘आणि तुम्ही नाही आलात तर?’

‘मग दुसरा येतो. त्याला मी फोन करतो.’

‘आणि तुम्ही आजारी असाल, फोनच केला नाहीत तर?’

‘मग लोक भिंतीवरनं येत्यात की. तिकडं वीट काढल्याली हाय.’

तरुण मान डोलावतो आणि टॅबलेटवर लिहितो: सकाळी ६ ते १०, सायंकाळी ४ ते ८. काका त्याला पाठीमागून हाक मारतात, ‘ओ साहेब, त्या पिंपळाखाली जाऊ नका, मोहोळ उठलंय सकाळधरनं. आणि घसरगुंडीचा पत्रा फाटलाय, पोरास्नी बसू देत नाय मी.’ अमेरिकेत ‘धोका’ आणि ‘खबरदारी’ म्हणून जे दोन कप्पे आहेत, ते काकांनी एका दमात भरून दिले. पण टॅबलेटवर तसा रकाना नसतो. तिथे ‘सेल्फी पॉइंटची संख्या’ असा रकाना असतो.

आणि या काकांना महापालिका ओळखत नाही. ते कंत्राटदाराचे. कंत्राटदार बदलला की काका बदलतात, आणि त्यांच्याबरोबर बागेची इत्थंभूत माहितीही बाहेर पडते. पोहऱ्यात काय येणार ते आडावर अवलंबून असतं, हे आपल्या आज्ज्यांना ठाऊक होतं. आम्ही मात्र पोहऱ्याची जागतिक निविदा काढली आणि आडाचं पाणी जो रोज बघतो त्याला बारा हजारांवर ठेवला, तेही तीन महिने थकवून.

अमेरिकेलाही हे कळायचं बाकी होतं, असं दिसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या सुमारे १००० नव्या कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवलं. मामला पुढे कोर्टात गेला, ते वेगळं. त्याआधी २०१८-१९ च्या हिवाळ्यात निधीच्या भांडणात सरकार ३५ दिवस ठप्प झालं. बरीच उद्यानं उघडीच राहिली, माणसं मात्र नव्हती. जोशुआ ट्री उद्यानात गाड्या नको तिथे घातल्या गेल्या, झाडांची नासधूस झाली. आणि संकेतस्थळं या काळात अद्ययावत केली जाणार नाहीत, असं खात्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं. त्या दिवसांत सहायक जोडलेला असता, तर त्यानं अचूक साच्यातून, विनाविलंब, नम्रपणे डिसेंबरची माहिती जानेवारीत दिली असती. सूचना यंत्र पोचवतं. ती लिहितो तो रेंजर, झाड पडलेलं बघून परत येऊन लिहिणारा. त्याला काढून टाकला की खिडकी चालू राहते, फक्त तिच्यामागे कुणी नसतं.

आपल्याकडे तर सूचना लिहिली जाते आणि तरीही पोचत नाही. दर पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि गडांवर बंदीचे आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. जावक क्रमांक, वाचले, संदर्भ, ज्याअर्थी, त्याअर्थी. मग त्याची प्रत काढून, तिरकी ठेवून, स्कॅन करून व्हॉट्सॲपवर सोडतात. शिक्का नेमका ठिकाणाच्या नावावर. यंत्राला तो वाचता येत नाही. खरं सांगायचं तर माणसालाही येत नाही. तो आदेश गेल्या वर्षीचा की यंदाचा, उठला की चालू आहे, याचा पत्ता लागेपर्यंत गाडी लोणावळ्यात पोचलेली असते.

१५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनिशी कोसळला. चार माणसं गेली. पूल धोकादायक आहे हे सरकारी कागदावर आधीच ठरलेलं होतं, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. म्हणजे माहिती होती. त्या रविवारी त्या वाटेवर निघालेल्यांच्या खिशात जगातला सगळ्यांत हुशार सहायक असता, तरी त्याला ती सापडेल अशा जागी कुणी ठेवलेलीच नव्हती. आणि समजा ठेवली असती, तरी पुलाच्या तोंडाशी माणसांना मागे फिरवायला एक माणूस लागलाच असता.

तेव्हा आयुक्तसाहेब, जिल्हाधिकारीसाहेब, सहायक जोडायचा तर जरूर जोडा, आमची ना नाही. फक्त त्याआधी दोन छोटी कामं करा. प्रत्येक बागेची, धबधब्याची, गडाची रोज सकाळी सहाच्या आत एक ओळ लिहिली जाऊ द्या: आज उघडं की बंद, आणि बंद असेल तर का. साध्या अक्षरांत, तारीख घालून, स्कॅन न करता. आणि ती ओळ लिहिण्याचा अधिकार मंत्रालयातल्या कक्षाला न देता फाटकावरच्या काकांना द्या. त्यांचा तीन महिन्यांचा पगार तेवढा आधी काढा.