बिनब्रशाचे भाऊसाहेब

महसूल खात्यात कनिष्ठ लिपिकापासून अव्वल कारकुनापर्यंतचे सोपान चढून जो मनुष्य वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सन्मानाने निवृत्त होतो, त्याच्यापुढे आमच्या राहुरीत सामान्यतः दोन मार्ग मोकळे असतात: एक, गुरुवारी शिर्डी आणि शनिवारी शिंगणापूर असे वार लावून घेऊन परमार्थाच्या वाटेला लागणे, आणि दुसरा, बांधाचा जुना कज्जा उकरून काढून उरलेले आयुष्य दिवाणी न्यायालयाच्या पायरीवर सत्कारणी लावणे. आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांनी हे दोन्ही मार्ग अव्हेरून ब्रश नसलेल्या मोटारीचा कंट्रोलर स्वहस्ते बनवण्याचे व्रत घेतले, तेव्हा गल्लीत प्रथम हळहळ व्यक्त झाली.

भाऊसाहेब हे नाव नव्हे. आमच्याकडे ज्याच्या हाती दाखला, तो भाऊसाहेब. पण या गृहस्थांची खरी जात निराळी, आणि तिचा एकतरी नमुना प्रत्येक तालुक्याच्या गावी आढळतोच. इतरांच्या खिशाला पेन असते तेथे यांच्या लाइन टेस्टर. सदऱ्यावर शाईच्या डागांऐवजी सोल्डरच्या थेंबांनी पाडलेली भोके. लग्नाला गेले तर मुहूर्ताच्या वेळी हे मांडवामागे जनरेटरपाशी सापडायचे. यांना दुरुस्तीचे काम सांगण्याची चूक नवखाच करतो. दुरुस्ती हा त्यांच्या लेखी धंदा, आणि वस्तू उलगडून ठेवणे ही विद्या. त्या विद्येच्या साधनेत गल्लीतले दोन रेडिओ, एक शिलाई यंत्राची मोटार आणि माझे भिंतीवरचे घड्याळ आजही उलगडलेल्या अवस्थेत चिरविश्रांती घेत आहेत.

ब्रश म्हणजे काय, हे त्यांनी मला ज्या रीतीने समजावले ती रीत मी विसरणार नाही. “जुन्या डीसी मोटारीत,” ते म्हणाले, “फिरत्या गुंडाळीला कोणत्या क्षणी कोणत्या बाजूने वीज द्यावी, हे ठरवणारा अधिकारी मोटारीच्या पोटातच वस्तीला असतो. कार्बनचे दोन तुकडे तांब्याच्या कड्याला अंग घासत बसलेले. ठिणग्या उडवायच्या, काजळी धरायची, आपण झिजायचे आणि दुसऱ्यालाही झिजवायचे. ते कुलकर्णी वतन समजा.” येथे थांबून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, कारण १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली परगणा व कुलकर्णी वतने नष्ट झाली, तेव्हा त्यांत माझ्या आजोबांचेही एक वतन गेले होते, आणि हे त्यांना दप्तरी ठाऊक होते. “आता बिनब्रशाची मोटार घ्या. वतन खालसा! गुंडाळ्या जागच्या जागी, चुंबक तेवढे फिरते, घासणारा कोणी नाही. आणि कोणत्या गुंडाळीला कधी वीज द्यायची, याचा हुकूम बाहेर बसलेला पगारी तलाठी देणार. तो तलाठी म्हणजे आपला कंट्रोलर.” अशा मोटारीवरचा आद्य निबंध विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी अमेरिकेत १९६२ साली मांडला, म्हणजे मोटारीतले वतन जाण्याच्या बारा वर्षे आधी आपल्याकडचे गेले, यात भाऊसाहेबांना महाराष्ट्राच्या पुढारलेपणाचा निर्विवाद पुरावा दिसे.

आज ही मोटार कोठे नाही? कमी वीज खाणारा छताचा पंखा, विजेवरची दुचाकी, फवारणीच्या ड्रोनचे पाते, सर्वांच्या मुळाशी तीच, आणि प्रत्येकीला तिचा एकेक तलाठी. तो बाजारात तयार मिळतो, आणि भाऊसाहेबांनी आजवर जाळलेल्या मालाच्या किमतीत तसे पाच-सहा सहज आले असते. हे मी एकदा बोलून दाखवले. त्यावर ते केवळ म्हणाले, “विकतचा माणूस विकतच्यासारखाच वागतो,” आणि महसुलातल्या तीन तपांचा अनुभव त्या एका वाक्यात असल्यामुळे मी गप्प बसलो.

या तलाठ्याला चुंबक कोठवर आले हे कळावे, म्हणून मोटारीत तीन बारीक संवेदक बसवलेले असतात. १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने शोधलेल्या चुंबकीय परिणामावर ते चालतात आणि समोर चुंबक आले की ‘होय’, गेले की ‘नाही’, एवढीच जबानी देतात. भाऊसाहेब त्यांना पंच म्हणत. तिघांच्या होय-नाहीचे गणिताने आठ प्रकार होतात. त्यांतले सहा ग्राह्य, त्या सहांवरून वीज देण्याचे सहा टप्पे ठरतात, आणि तिघेही एकमुखाने होय किंवा एकमुखाने नाही म्हणाले, तर मोटार तत्काळ थांबवावी लागते, कारण निरोगी मोटारीत तसे घडतच नाही. “पंच एकमुखी झाले की साक्ष पढवलेली, किंवा तार तुटलेली,” असे ते म्हणत, आणि न्यायशास्त्रातले इतके शुद्ध तत्त्व मी कोर्टातही ऐकलेले नाही.

परंतु खरे अनर्थाचे स्थान पुढेच होते. बॅटरीची वीज तीन फेजांत वाटून देण्यासाठी मॉस्फेट नावाचे सहा इलेक्ट्रॉनिक दरवाजे लागतात. प्रत्येक फेजला एक वरचा, एक खालचा. एकाच फेजचे दोघेही क्षणभर एकदम उघडले, तर बॅटरीला आडवी वाट मिळते आणि दोघांचाही धूर होतो. म्हणून वरच्याने दप्तर मिटल्यावर खालच्याने उघडण्यापूर्वी थोडी उसंत ठेवावी लागते. ही उसंत केवढी? एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले दोन. ज्या खात्यात एक फाइल वरच्या टेबलावरून खालच्या टेबलावर यायला भाऊसाहेबांनी दोन-दोन वर्षे लागलेली पाहिली, त्या खात्यात मुरलेल्या माणसाला ही मुदत मनातून पटावी कशी? पहिल्या प्रयोगात ते ती ठेवायलाच विसरले. दुसऱ्यात इतकी उदारपणे ठेवली की मोटार नुसतीच कण्हत राहिली.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसटीने आणलेले मॉस्फेट अशा रीतीने कामी येत गेले. जोखीम नको म्हणून त्यांनी मोटारसायकलच्या हेडलाइटचे तीन बल्ब एकामागोमाग जोडून बॅटरीच्या वाटेत बसवले होते. कोठे आडवी वाट झाली की तिन्ही बल्ब लख्ख पेटत आणि भाऊसाहेबांचा चेहरा विझे. मात्र उत्साहाच्या भरात ते बल्बच काढून ठेवत, आणि मग ‘फट्’ असा आवाज आमच्या ओसरीपर्यंत येई. प्रत्येक दिवंगत मॉस्फेटची नोंद ‘जळीत नोंदवही’त होई: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, कारण आणि शेरा. सतराव्या क्रमांकापुढचा शेरा मी स्वतः वाचला आहे: ‘कारण समजून आले नाही. तथापि वास पूर्वीचाच.’

मधल्या काळात गावात एक बातमी पसरली. आमच्या तालुक्याला फेज म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. मुळा धरण उशाशी असूनही उसाला पाणी केव्हा द्यायचे हे थ्री फेज लाइट कधी येते त्यावर ठरते, आणि तिची वाट पाहत विहिरीवर रात्र काढलेला माणूस तीन फेजांचे मोल कोणत्याही अभियंत्याहून अधिक जाणतो. तेव्हा एके सकाळी देवळाली प्रवरेकडचे एक बागाईतदार दारात उभे राहिले. “भाऊसाहेब, डीपीत लाइट नसताना तुम्ही घरात थ्री फेज काढली म्हणं. खरंय का?”

“खरं आहे,” भाऊसाहेब म्हणाले. असत्य त्यांना ठाऊक नव्हते.

“मग आपली पाच एचपीची मोटर?”

भाऊसाहेबांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडून दाखवला की आपली आहे अडीचशे वॅटची, म्हणजे पाच अश्वशक्तीचा सुमारे पंधरावा हिस्सा. पाहुण्यांनी तो कागद उलटसुलट पाहिला, चहा घेतला, आणि “पंधरा करा की मग,” असे सांगून ते निघून गेले.

राहिली होती जोडणी. फेजच्या तीन तारा सहा प्रकारे लागतात आणि पंचांच्याही सहा प्रकारे. एकंदर प्रकार छत्तीस, बॅटरीही छत्तीस व्होल्टांची, आणि वहिनींशी त्या महिन्यात भाऊसाहेबांचा आकडाही तोच. त्याचे मूळ घरच्या मिक्सरमध्ये होते. मिक्सरच्या मोटारीला ब्रश असतात, बाजारात त्यांनाच कार्बन म्हणतात; ते झिजून दिवाळीपासून मिक्सर बंद होता, आणि वहिनी शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटत होत्या. “अहो, तेवढे कार्बन घालून द्या,” ही त्यांची तोंडी विनंती वारंवार दुर्लक्षिली गेल्यावर त्यांनी एका कागदावर ‘अर्जदार’ म्हणून सही करून रीतसर लेखी अर्ज दिला.

त्याच संध्याकाळी एकोणतिसाव्या जोडणीला ती मोटार बसवलेले सायकलचे मागचे चाक स्टँडवर फिरू लागले. नुसते फिरले नाही, गुणगुणले. ठिणगी नाही, काजळी नाही, वास नाही. भाऊसाहेब जमिनीवर बसून आरतीच्या वेळी मूर्तीकडे पाहावे तसे त्या आऱ्यांकडे पाहत राहिले. चाक उलट दिशेने फिरत होते, हे मला दिसले; पण ते मी बोललो नाही.

“झालं का?” वहिनी आतून म्हणाल्या.

“झालं!” भाऊसाहेब ओरडले.

वहिनी हात पुसत, आशेने, मिक्सर घेऊन बाहेर आल्या. भाऊसाहेबांनी आधी मिक्सरकडे पाहिले, मग नोंदवहीत ठेवलेला अर्ज उलगडला, टेस्टर काढून पेन शोधले, आणि डाव्या समासात, निवृत्तीपूर्वीच्या त्याच वळणदार अक्षरात लिहिले: ‘अर्जदाराची मागणी ब्रशाची आहे. बिनब्रशाच्या मोटारीचा प्रस्ताव सादर करावा.’