राजीनामा माझा, इच्छा आपली

माननीय मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,



जून २०२० मधल्या त्या व्हिडिओ कॉलबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले होते. नऊ वर्षे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या माणसाला निरोप द्यायला आपण जातीने हजर राहिलात. कॅमेरा तेवढा बंद ठेवलात. माझा चालू होता, आणि मागे माझी आई उभी होती.

‘कंपनी तुम्हाला काढत नाही, तुम्हीच राजीनामा देताय,’ हे आपण किती मायेने समजावलेत! मसुदाही आपणच पाठवलात. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द आयते होते. मी फक्त नाव आणि तारीख भरायची होती. सही न केल्यास अनुभवपत्रावर वेगळा शेरा येईल, ही सूचना तर केवळ माझ्या भल्यासाठी.

त्या दोन शब्दांची किंमत मला नंतर कळली. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार, वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराची कपात करताना कारणासह महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागे. शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. कामगार कोण, हेही हुद्द्यावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून ठरते. मात्र राजीनामा हातात असला की कपात झालीच नाही. आपल्या अभ्यासाला वंदन!

मंदी खोटी नव्हती. त्या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळजवळ चोवीस टक्क्यांनी आक्रसली. कंपनीला माणसे परवडत नव्हती, तर तसे सांगायचे होते. मी ते ऐकून घेतले असते. मार्चमध्येच केंद्रीय कामगार मंत्रालयाने कर्मचाऱ्यांना काढू नका, असे मालकांना कळवले होते. आपण ते तंतोतंत पाळलेत, कारण कागदोपत्री आपण कुणालाच काढले नाही.

आपली कृपा पुढेही सोबत राहिली. प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न यायचा: भर मंदीत स्वतःहून नोकरी का सोडलीत? खरे सांगावे, तर राजीनामा माझ्याच सहीचा. गृहकर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टपर्यंत सवलत होती, पण व्याज चढतच होते.

शेवटी पिंपरीतल्या एका मिस्त्रींच्या हाताखाली एसी दुरुस्ती शिकलो. आज तोच माझा व्यवसाय आहे. बाहेरचे युनिट नुसते घुमते आणि कॉम्प्रेसर सुरू होत नाही, तेव्हा बरेचदा कपॅसिटर गेलेला असतो. मी तो मीटरवर मोजतो, आकडा गिऱ्हाइकाला दाखवतो, नवा बसवतो आणि जुना त्याच्या हातात देतो. पावतीवर कारण लिहितो. पैसे त्याचे जातात, तेव्हा काय बिघडले ते कळण्याचा त्याला हक्क आहे. एवढे कारण आपण मला लेखी दिले असतेत, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून पुढचे वाचकांना सांगतो. असा कॉल आला तर त्याच बैठकीत सही करू नका. काढत असाल तर कारणासह लेखी द्या, असे ईमेलवर कळवा. आलेला प्रत्येक संदेश स्वतःकडे जपून ठेवा आणि कामगार आयुक्तांचे कार्यालय गाठा.

कळावे,
आपल्या इच्छेने राजीनामा दिलेला
एक माजी कर्मचारी