विकल्पोपासक

पुण्यात प्रभात रस्त्याच्या आडव्या गल्ल्यांतून ज्यांचे बंगले आहेत, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे कारखाने आहेत, आणि पन्नाशी उलटल्यावर ज्यांना डॉक्टरांनी तूप व चिरंजीवांनी कारभार सोडावयास सांगितले आहे, अशा सुप्रतिष्ठित गृहस्थांत अलीकडे एक नवा पंथ उदयास आला असून, त्याच्या अनुयायांस विकल्पोपासक यापरते योग्य नाव आम्हांस सुचत नाही. या पंथाचे प्रातिनिधिक पुरुष म्हणून आपण भाऊसाहेबांना घेऊ. भाऊसाहेब दोन वर्षे पोर्शे कंपनीची 911 ही मोटार घेत होते. जर्मनीत स्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन या भागातील कारखान्यात ही मोटार तयार होते, आणि ती आतून-बाहेरून कशी असावी हे ठरविण्याचा अधिकार गिऱ्हाइकास इतक्या सढळ हाताने दिलेला असतो, की ज्या कुटुंबप्रमुखाच्या हाती घरातील टीव्हीचा रिमोटही उरलेला नाही, त्याच्या मस्तकी तो चढल्यावाचून राहत नाही.

भाऊसाहेबांचा कारखाना बड्या मोटार-कंपन्यांना ब्रॅकेट व तत्सम प्रेस-पार्ट पुरवितो. त्या कंपन्यांचे खरेदी अधिकारी दरसाल भाव उतरविण्याचे फर्मान काढतात, आणि नगामागे दहा-वीस पैशांसाठी भाऊसाहेब त्यांच्याशी बैठकांमागून बैठका झुंजतात. तेच भाऊसाहेब शोरूममध्ये आसनावरील शिवणीचा दोरा बदलण्याचा दर ऐकून नुसते ‘हं’ म्हणाले. विक्रेता तरुण होता, तथापि अनुभवी होता. त्या एका हुंकारावरून त्याने ओळखले, की हे सद्गृहस्थ आता आपले.

उपासनेचा प्रारंभ चाकांपासून झाला. चाकाच्या आऱ्यांमधून ब्रेकचा कॅलिपर डोकावतो, आणि त्याच्या रंगावरून मालकाचा वर्ण ठरतो. प्रघात असा, की 911 च्या साध्या कॅरेरा आवृत्तीचे कॅलिपर काळे, कॅरेरा एसचे तांबडे, आणि ज्याने सिरॅमिक डिस्कचे ब्रेक घेतले त्याचे पिवळे. सिरॅमिक डिस्क बिडाच्या डिस्कच्या सुमारे निम्म्या वजनाची असते व शर्यतीच्या मैदानावर वारंवार तापूनही तिची पकड ढळत नाही, हे तिचे गुण निर्विवाद होत. परंतु भाऊसाहेबांचा नित्याचा प्रवास प्रभात रस्ता ते डेक्कन जिमखाना इतकाच असून, त्या मार्गावर मोटार थांबविण्याचे काम ब्रेकांच्या अगोदर रिक्षावालेच करतात. पहिले कित्येक महिने भाऊसाहेब पिवळ्यांचे कट्टर अभिमानी होते. पुढे त्यांना असा शोध लागला, की सिरॅमिक ब्रेक घेऊनही कॅलिपर काळे मागविता येतात. म्हणजे सर्वांत महाग वस्तू घ्यावयाची आणि ती सर्वांत स्वस्त दिसेल अशी तजवीज करावयाची. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पिवळा कॅलिपर कोणाही भटक्यास कळतो, काळ्यातील मर्म केवळ जाणत्यास कळते, हा विचार त्यांना अत्यंत उदात्त वाटला. मात्र जाणता जर वेळेवर भेटलाच नाही, तर रस्त्यात एखाद्यास अडवून ते मर्म आपणांसच समजावून द्यावे लागेल, ही अडचण त्यांच्या ध्यानी बरीच उशिरा आली.

मोटारीच्या अंतर्भागात शिरल्यावर तर उपासनेस अंत उरला नाही. 1986 साली कंपनीने अशा हौशी मंडळींकरिता ‘एक्स्क्लुझिव्ह’ नामक स्वतंत्र खाते उघडले, आणि त्या खात्याचे कारागीर चामडे कोठे लावू शकणार नाहीत हे शोधून काढणे दुष्कर आहे. वातानुकूलनाच्या झडपांच्या पात्यांना चामडे, सन-व्हायजरला चामडे, स्टिअरिंगच्या दांड्याच्या आवरणाला चामडे. किल्लीस मोटारीचा रंग, आणि किल्लीच्या पिशवीस पुन्हा चामडे. परंतु या सर्वांवर कळस म्हणजे फ्यूजच्या पेटीचे झाकण. ही पेटी पाय ठेवावयाच्या जागेत एका बाजूस, दार उघडून आणि कंबर मोडून वाकल्याखेरीज दृष्टीस पडणार नाही अशा ठिकाणी असते. फ्यूज उडाला नाही तर मालकाची व तिची उभ्या जन्मात गाठ पडण्याचे कारण नाही. आणि तरीही तिच्या झाकणास चामड्याने मढविण्याचा विकल्प यादीत आपल्या दामासह हजर असतो. भाऊसाहेबांनी प्रथम तो हसण्यावारी नेला. आठवड्याने त्याच्यासमोर ‘विचाराधीन’ असा शेरा मारला. महिना लोटल्यावर मात्र त्यांची अशी अवस्था झाली, की झाकणास चामडे नसलेली मोटार चारचौघांत न्यावी कशी, हेच त्यांना समजेना.

चामडे चढविण्याचा उत्साह ओसरला म्हणजे उपासक वैराग्याकडे वळतो, आणि त्याचा खरा खर्च येथपासून सुरू होतो. या वैराग्यास थोर परंपरा आहे. 1973 सालच्या कॅरेरा आरएस 2.7 या मोटारीची एम 471 ही ‘स्पोर्ट’ आवृत्ती मागणाऱ्याकडून कंपनी 700 मार्क अधिक घेई, आणि त्या मोबदल्यात मोटारीतील मागची आसने, घड्याळ व चालकाशेजारी बसणाऱ्याचा सन-व्हायजर काढून टाकी. दार आतून ओढावयास नुसता एक पट्टा ठेवी. तेथे हेतू प्रामाणिक होता, कारण ती मोटार शर्यतीत उतरावयाची होती आणि वजन घटले की वेग वाढतो. आजही काही आवृत्त्यांत दाराला मुठीऐवजी कापडी फासा मिळतो. त्या फाशामुळे मोटार किती हलकी होईल याचे गणित भाऊसाहेबांनी आम्हांस सविस्तर मांडून दाखविले, तेव्हा चालकाच्या वजनाचा मुद्दा कोणी काढला नाही; गणित जेवणाच्या पंक्तीत, पुरणपोळीच्या दुसऱ्या वाढपास चालले होते. मोटारीच्या पाठीवरील नावाची अक्षरे गाळण्याचाही विकल्प असतो. त्यास कंपनी काहीच आकार घेत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो भाऊसाहेबांच्या मनात भरला नाही.

रंगाचे प्रकरण मात्र कुटुंबापर्यंत गेले. कंपनीच्या नेहमीच्या रंगांखेरीज गिऱ्हाइकाने दिलेल्या नमुन्याबरहुकूम रंग करून देण्याची सोय आहे, हे कळताच भाऊसाहेबांनी वहिनींच्या मोरपंखी पैठणीचा एक वीतभर तुकडा जर्मनीस धाडण्याचा प्रस्ताव मांडला.

“अहो, पैठणी माझ्या आईची आहे,” वहिनी म्हणाल्या. “गाडीच रंगवायची असेल तर तुमचं उपरणं कापा.”

येथे मसलत आटोपली, आणि भाऊसाहेबांनी खडूचा रंग मुक्रर केला. हा करड्या झाकेचा पांढरा रंग सांप्रत मोठ्या प्रतिष्ठेस पोहोचला आहे. भाऊसाहेबांचे वडील शाळामास्तर होते व त्यांचा काळा कोट हयातभर याच रंगाने माखलेला असे. परंतु तो त्यांना फुकट मिळे.

विकल्पमात्र निरर्थक असतो, असा आमचा आरोप नाही. 1974 मध्ये फेरी पोर्शे यांच्या भगिनी लुईझे पीएख यांना सत्तराव्या वाढदिवशी पहिली 911 टर्बो भेट देण्यात आली, तेव्हा तिची पुढची काच मुद्दाम बिनछटेची बसविण्यात आली. कारण बाई निसर्गचित्रे रंगवीत असत, आणि डोंगराचा रंग त्यांना डोंगराकडूनच हवा होता, काचेकडून नव्हे. विकल्पास प्रयोजन असावे ते असे, हे भाऊसाहेबांच्या मनावर ठसावे म्हणून आम्ही ही हकिगत त्यांना मोठ्या आस्थेने ऐकविली. ते गंभीर झाले, क्षणभर डोळे मिटून बसले, आणि म्हणाले, “म्हणजे काचेतही विकल्प आहे तर!” आणि त्यांनी ते टिपून घेतले.

अखेर कारखान्याकडून ताकीद आली, की अमुक तारखेनंतर यादीत फेरफार चालणार नाहीत. शेवटच्या रात्री शिवणीचा दोरा तांबड्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा करडा झाला आणि पहाटे पुन्हा तांबड्यावर आला. मोटार संपूर्ण तयार होऊनच परदेशातून येत असल्याने सीमाशुल्क व त्यावरील कर हे तिच्या विकल्पांसह होणाऱ्या किमतीवर आकारले जातात, अर्थात फ्यूजच्या झाकणावरील चामड्यानेही सरकारी खजिन्यात आपली जकात रीतसर रुजू केली. मग जहाजाची चिंता लागली. 2022 च्या फेब्रुवारीत ‘फेलिसिटी एस’ या जहाजास अझोर्स बेटांनजीक आग लागून ते मार्चच्या आरंभी सुमारे 4,000 मोटारींसह समुद्रतळास गेले, आणि त्यांत हजारावर पोर्शे होत्या, ही वार्ता भाऊसाहेबांना तोंडपाठ आहे. विम्याचा विषय काढून आम्ही त्यांस धीर देऊ लागलो, तर ते म्हणाले, “पैसे विमावाले देतील हो, पण इतके निर्णय पुन्हा कोण घेणार?” आयुष्यात प्रथमच त्यांच्या एखाद्या युक्तिवादापुढे आम्ही निरुत्तर झालो.

मोटार सुखरूप आली. ज्या रंगापायी पैठणीवर गदा येणार होती, त्या रंगास ओरखडा उठू नये म्हणून सबंध मोटारीवर पारदर्शक फिल्म चढविण्यात आली. पूजेच्या वेळी वहिनींनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्यास बोट पुढे करताच भाऊसाहेबांनी “जरा हवेतच काढ” अशी कळवळून विनंती केली. डॅशबोर्डाच्या माथ्यावर शर्यतीच्या फेरीचा वेळ मोजणारे स्पोर्ट क्रोनोचे घड्याळ आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मोटारींस ताशी 100 किलोमीटरची मर्यादा असून कॅमेरेही लावलेले आहेत, सबब भाऊसाहेब त्या घड्याळावर बंगल्याच्या फाटकापासून गल्लीच्या तोंडापर्यंतचा वेळ मोजतात. तो वेळ वहिनींच्या पायी चालण्याहून अधिक भरतो, कारण वाटेत गतिरोधक आहे. मोटारीचे नाक सुमारे 4 सेंटिमीटर वर उचलणारी एक यंत्रणा यादीत होती, आणि पुण्याचे गतिरोधक ज्याने एकदा ओलांडले आहेत त्याने सर्वप्रथम तिच्यापुढे खूण केली असती. भाऊसाहेबांनी ‘क्रीडावृत्तीस विसंगत’ असा शेरा मारून ती गाळली होती, व वाचलेली रक्कम चामड्याकडे वळविली होती.

तरी वाचकांपैकी कोणास त्या बाजूस खडूच्या रंगाची एक मोटार गतिरोधकावर तिरकी होऊन इंचाइंचाने चढताना आढळली, तर त्यांनी कृपा करून मागून भोंगा वाजवू नये. उलट, आतील गृहस्थांची परवानगी घेऊन खाली वाकावे आणि फ्यूजच्या पेटीचे झाकण अवश्य पाहावे. अद्याप ते कोणीही पाहिलेले नाही.