शाळा हवी, शेजाऱ्याच्या मुलांसाठी

तेरेखोल हा नदीपलीकडचा गोवा. केरीहून फेरीबोटीने जायचे. अलीकडे असो वा पलीकडे, सरकारने सरकारी मराठी शाळांवर सढळ खर्च करावा यावर पेडणे तालुक्यात एकमत. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव शाळा काढल्या, हे सांगताना ऊर भरून येतो. १९९० मध्ये शिक्षणमंत्री शशिकला काकोडकरांनी खासगी प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेच्या माध्यमापुरते ठेवले. २०११ मध्ये ते इंग्रजीलाही मिळाले. मोर्चे निघाले, २०१२ मध्ये सरकार बदलले, अनुदान तेवढे टिकले. शाळा विलीन करायची म्हटले की गाव पेटून उठतो. सभेला मात्र थोडा उशीर होतो, कारण आधी मुलाला अनुदानित शाळेच्या बसमध्ये, म्हणजे बालरथात, बसवायचे असते. बालरथाचा खर्चही सरकारच देते.