ताज्या लीदेच्या मागावर

निवृत्त माणसाने भाचीबरोबर रानात जाऊ नये. ती जीवशास्त्रात पीएच.डी. करत असेल आणि तिला फुकटचा हमाल हवा असेल, तर मुळीच नाही. "मामा, नुसतं चालायचंय, हवा काय मस्त आहे!" एवढ्यावर मी दोडामार्गला गेलो. खांद्याला लटकवलेल्या बर्फाच्या खोक्यात हत्तीची लीद भरायची आहे, हे तिलारीच्या रानात शिरल्यावर कळलं.

2002 साली कर्नाटकातून हत्ती इकडे उतरले आणि माड-केळी बघून रमले. "त्यांना ताण किती आहे ते मोजायचंय," भाची म्हणाली. मला वाटलं, रक्त काढणार. पण हत्तीला धरलं की त्या धसक्यानेच काही मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढतं. (पटलं. माझा रक्तदाबही दवाखान्यातच वाढतो.) लीदेचं तसं नाही. यकृतात कॉर्टिसॉलचं विघटन होतं, त्याचे अंश पित्तावाटे आतड्यात उतरतात आणि एखाद-दोन दिवसांनी बाहेर पडतात. हत्तीला पत्ताही लागत नाही.

फक्त लीद ताजी हवी. ऊन, पाऊस आणि जंतू मिळून त्या अंशांची वाट लावतात. मी शोधलेल्या पहिल्या लीदेत शेणकिड्यांनी संसार थाटला होता. नापास. दुसरी वाळून भाकरीसारखी कडक. मग बांबूच्या बेटाशी एक गोळा दिसला, ओला आणि घमघमीत. नमुना गाभ्यातला घ्यायचा असतो, म्हणून हातमोजा चढवून मी मधोमध बोटं खुपसली.

"अगं, गरम आहे!" मी आनंदाने ओरडलो.

भाची कुजबुजली, "मामा, गरम म्हणजे तो इथेच आहे."

नमुना जितका उत्तम, तितका त्याचा मालक जवळ, हे मला घरून निघताना कोणी सांगितलं नव्हतं. बांबू कडाडला. पुढचं मला नीट आठवत नाही; भाचीला आठवतं आणि ती ते लग्नकार्यांत सांगते. माझ्या धावण्यात गुडघेदुखीचा मागमूस नव्हता म्हणे. खोका मात्र मी शेवटपर्यंत सोडला नाही, कारण पट्टा गळ्यात अडकला होता.

एका बागायतदाराच्या पडवीत दम खाल्ला. आमचं काम ऐकून काकांनी आडव्या पडलेल्या माडांकडे हात केला. "हत्तीक कसलो ताण? ताण आमका!"

भाचीला हे भलतंच आवडलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2019 साली जवळपास हेच छापलं होतं: पिकात घुसणाऱ्या हत्तींच्या लीदेत ताणाची संप्रेरकं रानातल्या हत्तींपेक्षा कमी. सकस खाण्यामुळे असावं. काकांनी दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

भाचीचं संपलं नव्हतं. त्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कान्हा-बांधवगडच्या वाघांची विष्ठा तपासली होती. पर्यटनाच्या हंगामात संप्रेरकं चढलेली! माझ्या दिवाणखान्यात कान्हाच्या वाघाचा फोटो आहे. 'बघा, कसा निवांत बसलाय,' असं मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. जिप्सीतून मीच काढलाय.

"आणि मामा," भाची खोक्यातला बर्फ चाचपत म्हणाली, "तू आज जो ओरडलास ना, त्याचा परिणाम परवाच्या लीदेत दिसेल. तोच हत्ती हुडकायला हवा. सकाळी सहाला निघू?"

मी काकांना सावंतवाडीच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारली.