सेफ्टी कारचा गूळ

शर्यतीतलं सगळं कळणारा एक माणूस दौंड तालुक्यातल्या केडगावच्या बाजूला प्रत्येक गुऱ्हाळावर असतो. शर्यत कशाची, हा प्रश्न गौण. आमच्याकडे ते आबा. पांढरी टोपी, बंडीच्या खिशात मोबाइल आणि कुठल्याही चर्चेचा निकाल लावणारं ठेवणीतलं वाक्य: "सरळ रस्त्याला कुणीबी पळवंल. वळणाला कळतंय गडी कसा हाय!"

2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या आणि आबांचे रविवार ओस पडले. घाट बंद, बारी बंद, 'भिर्रर्र' बंद. नातवाने कीव येऊन टीव्हीवर मोटारींची रेस लावून दिली, आणि म्हातारा तिला जो चिकटला तो चिकटलाच. डिसेंबर 2021 मध्ये कोर्टाने परवानगी दिली, गाडे पुन्हा घाटात पळू लागले, पण आबांनी मोटारी काही सोडल्या नाहीत. आता त्यांना दोन्ही लागतं.

त्यातही फॉर्म्युला वनशी त्यांचं फारसं पटत नाही. "ती शिकून बसलेली माणसं. शिकणारं पोरगं बघण्यात मजा हाय." म्हणून त्यांचा सगळा जीव इंडियन फॉर्म्युला 4 वर. ही स्पर्धा 2023 मध्ये सुरू झाली. पंधरा वर्षांचं पोरसुद्धा तिच्यात उतरू शकतं. गाडीला एकच सीट, वर छप्पर नाही, चारही चाकं उघडी. आबांचा पहिलाच प्रश्न होता, "मडगार्ड कुठंय?" सगळ्यांना गाडी सारखीच, फ्रान्सच्या मिगाल कंपनीची चासी आणि आल्पिनचं इंजिन, हे समजल्यावर मात्र ते खूश झाले. "म्हंजी एकाच गोठ्यातली बैलं सगळ्यांना. आता दिसंल कुणाच्या हातात काय हाय ते." टायर, सराव, प्रवास यांना बापाचा किती पैसा लागतो, हे नातू सांगायला गेला. तेव्हा आबांना नेमकं चुलवणात पाचट सारायचं आठवलं.

रेस बघायची त्यांची पद्धत ठरलेली आहे. मोबाइल गुळाच्या ढेपेला टेकवून ठेवायचा. नेट नातवाच्या फोनवरून. खाटेवर बसून डावं वळण आलं की आबा डावीकडे कलतात, उजवं आलं की उजवीकडे. ब्रेकच्या जागी उजवा पाय जमिनीत रुततो, इतका, की खाटेसमोर टाचेचा खड्डा पडलाय. कुणी गाडी ठोकली की आधी "पोरगं बरं हाय ना?" आणि पोरगं बाहेर येऊन हात हलवताना दिसलं की लगेच शिव्या.

अपघात झाला की पुढे येऊन सगळ्यांना आपल्या मागे हळू चालायला लावणारी ती सेफ्टी कार, तिच्यावर त्यांचा विशेष राग. "एकाचा गाडा उलटला म्हणून बाकीच्यांनी वरातीसारखं चालायचं व्हय?"

दुसरं दुखणं म्हणजे ट्रॉफी. नाव भारताचं, पण 2023 चा विजेता ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर आणि 2024 चा दक्षिण आफ्रिकेचा अकील अलिभाई. आबा मान हलवतात. "जत्रा आपली, घाट आपला, आन् ढाल न्हेली पाव्हण्यानं." मग त्यांची समजूत घालायला नातू जेहान दारूवालाचं नाव काढतो. मुंबईचा हा पोरगा 2020 मध्ये बहरीनला फॉर्म्युला 2 ची शर्यत जिंकला. ती जिंकणारा पहिला भारतीय. कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिकांनी ब्रिटिश फॉर्म्युला 3 मध्ये गाडी चालवली, हेही ऐकवतो. "कोल्हापूरचं पाणीच तसलं," आबा म्हणतात, आणि मग आपल्या दौंड तालुक्याच्या पाण्यात काय कमी आहे याचा हिशेब सुरू होतो. कालव्याच्या आवर्तनापाशी येऊन तो थांबतो.

2024 मध्ये चेन्नईत आयलंड ग्राउंड्सच्या भोवती रात्री, दिव्यांच्या उजेडात, चालू शहराच्या रस्त्यांवर या गाड्या पळाल्या. ते बघून आबा दोन दिवस अस्वस्थ होते. शर्यत त्यांना पसंत होती. त्यांना रस्ता बघवत नव्हता. "एक खड्डा न्हाई रं! आपल्या चौफुल्याला आणा म्हणावं ह्या पोरांना."

मागच्या हंगामात तर कमाल झाली. काहिलीत रस आटत आलेला, बुडबुड्यांचा रंग फिरलेला, आणि मोबाइलवर शेवटचे दोन लॅप. गुळव्या ओरडतोय, "आबा, उतरायची का?" आबा हात वर करून, "थांब, एवढं वळण!" तेवढ्यात मागे कुणीतरी भिडलं आणि सेफ्टी कार आली. काहील उतरली तेव्हा गूळ काळाभोर. सुनेने तोंडाला पदर लावला, गुळव्याने टोपी काढून डोकं खाजवलं. आबा ढेप उलटीपालटी करून म्हणाले, "रंग गेलाय, पर चव हाय." तो सगळा लॉट घरीच राहिला. वर्षभर घरात चहाला, पुरणाला तोच चालला, आणि पाहुण्यांना सांगितलं गेलं, हा सेफ्टी कारचा गूळ.

दौंडच्या लोकलने कधी केडगावला उतरलात तर आबांकडे जरूर जा. रस मिळेल, गूळही मिळेल. फक्त सेफ्टी कारचा विषय काढू नका. पुण्याची शेवटची गाडी चुकेल.